मला दिसलं होतं

पूल बांधण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. कधी निपाणीच्या बाजूला, कधी खानापूरच्या रानात. सरकार पाठवेल तिथं तंबू ठोकायचा आणि पावसाळ्याआधी काम उरकायचं. त्यात डोक्याला घोर लागावा असं फारसं काही नसे. मग एक दिवस वरच्या साहेबांनी मला बेळगावच्या कचेरीत बोलावलं. कॉलेजातून चार विद्यार्थी प्रत्यक्ष काम शिकायला येत होते. जांबोटीच्या वाटेवर एका ओढ्यावर, रस्त्याखालून पाणी जायला, छोटी मोरी बांधायची होती, ती त्या चौघांकडून करून घ्यायची असं साहेबांनी सांगितलं. "तुम्ही मध्ये पडायचं नाही," ते म्हणाले. "त्यांना करू द्या."

ही बढती होती की मला बाजूला सारलं होतं, ते कळलं नाही. टिळकवाडीतल्या घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिनं विचारलं, मग तुम्ही दिवसभर करणार काय? मी हातपाय धुवायला निघून गेलो.

चौघांतला एक शहापूरच्या विणकराच्या घरचा होता. बोलायला कमी, गणितात पक्का. आखणीचं काम मी त्याच्याकडं दिलं. पहिल्याच सकाळी त्यानं खुंट्या रोवल्या, दोरी ताणली, आणि मला चूक दिसली. ओढा रस्त्याला तिरका येत होता. त्यानं मात्र भिंतींची रेघ रस्त्याशी काटकोनात धरली होती. कागदावर ते छान दिसत होतं. पावसाळ्यात पाणी थेट भिंतीवर धडकून पाया उकरणार होतं.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. साहेबांचे शब्द आठवले. वाटलं, दुपारपर्यंत त्याच्या लक्षात येईल. दुपारी वाटलं, उद्या येईल. पाया खणून झाला, गवंड्यांनी दगडाचे दोन थर चढवले, आणि आता बोलायचं तर आधी का बोललो नाही हे सांगावं लागणार, म्हणून आणखी गप्प बसलो. तो स्वतः कधी ओळखतो हे बघायची थोडी हौसही होती, हे आज कबूल करतो.

आठव्या दिवशी म्हातारा गवंडी माझ्याजवळ येऊन बसला. पुष्कळ पूल आम्ही बरोबर बांधले होते.

"साहेब, दोरी लावली तवाच तुमी बघितलासा," तो म्हणाला. "मग बोलला न्हाईसा का?"

मी म्हटलं, पोरांना शिकू द्यायचंय. त्यानं हातातली थापी उलटीपालटी केली.

"शिकत्यात ती. पर दगड आमी उचलतोय न्हवं?"

मी उठलो आणि त्या विद्यार्थ्याला ओढ्यात वरच्या अंगाला उभं राहून मोरीकडं बघायला सांगितलं. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात उतरला. थोडा वेळ तसाच उभा होता. परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"तुम्हाला हे कधी दिसलं?"

"पहिल्या दिवशी."

तो तसाच वळला. गवंड्यांकडं गेला, चूक माझी हाय म्हणून सांगितलं, आणि सगळ्यांबरोबर स्वतः दगड उतरवायला लागला. पुढचे दोन दिवस चौघांपैकी कुणी माझ्याशी कामापलीकडं बोललं नाही. गवंडीही तंबाखू मळताना माझ्याकडं हात पुढं करीना.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. प्रत्येक खुंटीला, चुना मळायच्या प्रत्येक घाण्याला बोलू लागलो. काम झपाट्यानं पुढं सरकलं आणि मला बरं वाटलं. एके सकाळी तो विणकराचा मुलगा माझ्यापुढं येऊन उभा राहिला. थोडं लांब बसाल का, असं त्यानं खाली बघत विचारलं.

"तुम्ही जवळ असलात की मी ओढ्याकडं बघतच नाही, साहेब. तुमच्या तोंडाकडं बघतो."

"आणि चूक दिसली तर? हाक मारू की गप्प बसू?"

 "ते मलाही सांगता येईना," तो म्हणाला.

मी पलीकडच्या जांभळीखाली जाऊन बसलो. तिथं हात कुठं ठेवावेत हेसुद्धा मला समजत नव्हतं. मधूनच उठायचो, चार पावलं जायचो, परत फिरायचो. एकदा हाक मारली, तेव्हा त्याला चूक आधीच दिसलेली होती. एकदा गप्प राहिलो, तर अर्धा दिवस फुकट गेला.

पावसाआधी मोरी पुरी झाली. श्रावणात मी मुद्दाम बघून आलो. लाल पाणी दोन्ही भिंतींच्या मधून सरळ जात होतं.

साहेबांनी अहवाल मागितला, काय शिकवलंत ते लिहा म्हणाले. दोन दिवस मी कागद पुढ्यात घेऊन बसलो आणि शेवटी मोरी पूर्ण झाली एवढंच लिहिलं. त्यांनी वाचून कागद खाली ठेवला. पुन्हा पुलांच्या कामावर जायचं असेल तर जागा आहे, नाहीतर दिवाळीनंतर नवी चार मुलं येतायत, असं म्हणाले. कचेरीत येईपर्यंत मी पूलच मागणार होतो. मुलं द्या, असं म्हणालो. का म्हणालो ते घरच्या वाटेवर बायकोला काय सांगायचं याचा विचार करतानाही सापडलं नाही.