आतोबा पॉपच्या कार्यक्रमाला जातात

कल्याणपासून कर्जतपर्यंत नाकं पुष्कळ असतील, पण आमच्या आतोबांसारखं मुरडणारं नाक दुसरं नव्हतं. बारवी धरणाचं पाणी त्यांच्या मते पूर्वीसारखं ओलं राहिलं नव्हतं. लग्नात जिलेब्यांचा फडशा पाडून झाला की ते आचाऱ्याला बोलावत, "पाक बिघडलाय" असं सुनावत आणि आणखी चार वाढायला लावत. समोरचा बोलू लागला की त्याच्या ओठांकडे असे रोखून बघत की भल्याभल्यांची बोबडी वळायची. अंबरनाथच्या कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या यंत्रापाशी त्यांचा जन्म गेला होता. माणसंही ठोकूनच सरळ होतात असा समज ते तिथूनच घेऊन आले असावेत. हेही मी चालवून घेतलं असतं. पण बदलापूर गावातल्या देवळात दर गुरुवारी आत्या अभंग म्हणायची आणि आतोबा पखवाज वाजवायचे. एका गुरुवारी त्यांनी भर देवळात तिला सांगितलं, "तुझा आवाज बसला. आता पुरे," आणि घरी येऊन पखवाज खुंटीला टांगला. त्यानंतर आत्या घरातसुद्धा गुणगुणेनाशी झाली. याचा मला त्यांच्यावर मनापासून राग होता.

नव्वदनंतर पॉपचं वारं उल्हासनगरात शिरलं. आतोबांची मुलगी मीना तिथं एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात कामाला होती. शेठनं तिला मैदानातल्या कार्यक्रमाचे चार पास दिले. "माकडचेष्टा बघायला कोण जातो," असं म्हणून आतोबा सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले. बरोबर सतरंजी आणि थालीपिठांचा डबा. खुर्च्यांच्या पुढे त्यांनी कीर्तनाला पसरावी तशी सतरंजी पसरली, तेव्हा मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. शेठ धावत आला. "साईं, इधर नहीं, उधर कोने में बैठो," म्हणत त्यानं आमची वरात लोखंडी कपाटाएवढ्या स्पीकरसमोर नेऊन बसवली.

चकाकती विजार घातलेला गायक उड्या मारत आला. "याला आधी भगताकडे न्या, अंगात आलंय," आतोबा म्हणाले. तेवढ्यात स्पीकर दणाणला. मीनानं कान झाकले, डब्याचं झाकण थरथरायला लागलं. आतोबा मात्र स्पीकरच्या आणखी जवळ सरकले. थोड्या वेळानं त्यांची बोटं त्या झाकणावर पडू लागली, अगदी ठेक्यात. डोळे भरून आले होते. गाणं संपल्यावर ते आत्याला म्हणाले, "किती वर्षांनी कुणीतरी मोकळ्या गळ्यानं गातंय गं. बाकी सगळे नुसते पुटपुटतात."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. कारखान्यातल्या यंत्रानं त्यांचे कान नेले होते आणि इतकी वर्षं हा माणूस खापर जगाच्या गळ्यावर फोडत होता.

"म्हणजे माझा आवाज बसलाच नव्हता," ती हळूच म्हणाली. त्यांना अर्थातच ते ऐकू गेलं नाही.

कानाच्या डॉक्टरलाही त्यांनी नावं ठेवली. मग एका गुरुवारी आत्याच त्यांना खेटून बसली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जीव तोडून अभंग म्हणाली. काय झालं म्हणून शेजारीपाजारी दारात जमले. आतोबांनी पखवाज खाली काढला, धूळ झटकली आणि म्हणाले, "सूर चढलाय तुझा." आत्या रडता रडता हसली.

आता दोघंही नाहीत. बारवीचं पाणी नळाला अजून येतं. खरं सांगायचं तर ते पूर्वीसारखं ओलं राहिलेलं नाही.