रोज मागून आणलेलं विरजण

रिया, जोएल, तुमची रूथआजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसपाशी उभी होते. आदल्या दुपारी तिला अचानक पुण्याला दवाखान्यात न्यावं लागलं होतं आणि तिचे कपडे न्यायला मी सकाळी कासार आंबोलीला घरी आले होते. फोन ठेवला, गॅस बंद केला, दुधावर झाकण ठेवलं... हात आपले चालत राहिले. तेवढ्यात शेजारची सुमन दारात आली. "काल मावशी इरजण न्यायला आल्या न्हाईत. बरं हाय ना?" मला काही सांगावंच लागलं नाही. माझा चेहरा पाहून ती आत आली आणि मला धरून बसली.

रूथ माझी धाकटी बहीण. नर्स झाल्यावर ती टांझानियातल्या एका मिशन दवाखान्यात गेली आणि उमेदीची सगळी वर्षं तिथेच राहिली. जाताना तिच्या ट्रंका मीच भरल्या होत्या. स्टोव्ह, काड्यापेट्या, मसाले, अगदी सुईदोरासुद्धा. परक्या मुलखात तिला कुणापुढे हात पसरायला लागू नये, एवढंच माझ्या मनात. झालं उलटंच. दवाखान्यात बायका तिच्याशी भरभरून बोलत, पण घराच्या उंबऱ्याशी कुणी येत नसे. एकटेपणानं ती परत यायचं ठरवू लागली. अशात स्टोव्हचं रॉकेल संपलं आणि ती खापरी घेऊन शेजारच्या म्हातारीकडे विस्तव मागायला गेली. तिथे संध्याकाळी ज्याची चूल आधी पेटे, त्याच्याकडून बाकीचे निखारे नेत. म्हातारीनं तिला बसवून घेतलं, उकडलेलं रताळं हातावर ठेवलं आणि म्हणाली, "तुझ्या घरी सगळंच होतं. आम्ही कशाला यायचं?" दुसऱ्या दिवशी रूथनं स्टोव्ह दवाखान्यात सुया उकळायला देऊन टाकला.

निवृत्त होऊन ती माझ्याकडे आली ती एक पिशवी घेऊन. माझं घर तुम्हाला ठाऊक आहे, डब्यांवर चिठ्ठ्या आणि फडताळात सगळं जादाचं. तिनं कशालाच नावं ठेवली नाहीत. फक्त रोज संध्याकाळी रिकामी वाटी घेऊन निघायची.

"रूथ, फ्रिजमध्ये कालचं दही आहे. त्यातलंच घे."

"संपलं ते, ताई."

"मी आत्ता पाहिलंय."

"मग खाऊन टाक, म्हणजे संपेल."

सुमन तिची खूप थट्टा करायची. "मावशी, रोज दही लावता अन् रोज इरजण मागता. दही खाता का गावभर फिरवता?"

"तुझ्या सासूशी बोलल्याशिवाय माझं दूध विरजतच नाही गं."

मी एकदा चिडून विचारलं, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "ताई, प्रार्थनेत आपण भाकरसुद्धा आजचीच मागतो. उद्या पुन्हा मागायला जायचं असतं म्हणून." त्या वाटीमागोमाग सुमनच्या घरची मेथी आमच्याकडे आली, आमचं थर्मामीटर तिच्याकडे गेलं. इतकी वर्षं या बंगल्यात राहून मला गावातली चार नावं माहीत नव्हती. रूथला मूठमाती द्यायला मात्र अर्धी आळी आली. सुमनची सासू काठी टेकत आली होती.

तुमचा बाबा रोज फोनवर म्हणतो, "आई, तिथे एकटी कशी राहशील? घर बंद कर, इकडेच ये." खोली तयार आहे म्हणतो. मीही कपाटं आवरायला घेतली होती. त्यात रूथची वाटी हाती लागली... संध्याकाळ झाली होती. चपला घातल्या आणि सुमनच्या अंगणात जाऊन उभी राहिले. वाटी पदराआडच राहिली. आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही मी.

आतून तिची सासूच ओरडली, "कोन हाय? या की हितं, बसा. रोजची येळ टळून गेली, म्हनलं आता येतंय का न्हाई कोनी."

तेव्हा बाबाला सांगा, खोली राहू दे, सुट्टीत पाहुणी म्हणून येईन. एकटी नाही मी इथे. फ्रिजमधलं दही हल्ली दुपारीच खाऊन संपवते. रूथसारखं सराईत खोटं मला जमत नाही.