कुंकू लावलेली मेमरी

मधू गेल्याचं मला गावच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी फोनवर सांगितलं. बातमी देऊन झाली की लगेच म्हणाले, "शोकसभेत बोला तुम्ही, पण तेवढा मेमरीचा विषय काढू नका..." तिथे नाही काढला. इथे काढतो.

मधू माझा शाळेपासूनचा दोस्त. पिंपळगाव राजाच्या पुढच्या आमच्या गावात मास्तरकी करून निवृत्त झाला आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करत फिरू लागला. त्यात गिरणीचा, पंख्याचा, कोंबड्यांचा गलका फार. तो गाळून आवाज साफ करायचं काम वाचनालयाच्या जुन्या कम्प्युटरवर चालायचं. चालायचं कसलं! मेमरी इतकी तुटपुंजी, की अर्ध्यावरच सगळं ठप्प. आणि इकडे मधूला ऐकू येणं कमी होत चाललेलं. "कान शाबूत हायेत तोवर निपटून टाकतो बे," म्हणायचा.

कम्प्युटरमधली मेमरीची जुनी पट्टी काढून, रुमालात बांधून आम्ही दोघं खामगावला गेलो. दुकानदारानं सांगितलं, या मशीनला जुन्या पिढीची डीडीआर थ्रीच लागेल, तीही डेस्कटॉपची. नव्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. तिथेच घेऊन टाकायची ना! पण मशीन वाचनालयाचं, म्हणून मधूनं आधी अध्यक्षांच्या कानावर घातलं. अगदी नावानिशी सांगितलं, कोणती हवी ती. अध्यक्ष म्हणाले, गुरुजींना जुनं देणं आम्हाला शोभत नाही. आणि वर्धापनदिनी भर मंचावर शाल, श्रीफळ आणि मेमरी. डीडीआर फोर! पाकीट फोडून, पट्टीला हळद-कुंकू लावून पूजासुद्धा केली. मधू हात जोडून उभा. पट्टी अर्थातच बसली नाही, आणि कुंकवानं माखलेला माल दुकानदार परत कशाला घेईल?

मी म्हटलं, बरोबर पट्टी मी आणतो, गुपचूप लावून टाकू. तर हा भला माणूस म्हणतो, "नको बे. त्यायले मालूम पडलं त वाईट वाटन." त्या वाक्याचा मला अजून संताप येतो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून यानं तसंच रखडत काम केलं, आणि तेवढ्यात कान गेले. शेवटी शेवटी हेडफोन कानांवर दाबून मलाच विचारायचा, ही आजी काय म्हणते रे? मलाही कळायचं नाही. मग मधूच गेला.

शोकसभेत त्याच्या फोटोला हार घातला. फोटोमागच्या काचेच्या कपाटात ती पट्टी मखमलीवर ठेवली आहे, कुंकवासकट. गुरुजींना आम्ही काही कमी पडू दिलं नाही, असं अध्यक्ष भाषणात म्हणाले. मी चहा न घेता उठलो.

परवा वाचनालयात जाऊन एक रेकॉर्डिंग लावलं. गावातल्या जुन्या सुईणीचं, सखूआजीचं. तीही आता नाही. गिरणी धडधडते आहे, आजी भरभरून काहीतरी सांगते आहे, आणि त्यातला एक शब्द लागेल तर शपथ. मोबाइल मधूच्या हातात होता, म्हणून त्याचा आवाज तेवढा स्वच्छ येतो...

"बोल माय. मी आइकून राह्यलो."