उंदीर विचारणारी सुपडामाय

आमच्या प्रकाशा गावात रोज सकाळी दारोदार फिरून "उंदीर पडना का वं माय?" असं विचारणारी बाई म्हणजे सुपडामाय. लोक शेजारी विस्तव मागायला जातात, ही मेलेल्या उंदराची चौकशी करत यायची. उंच, वाळकी, कपाळ मोकळं. ती पुढे गेली की बायका बोटं मोडायच्या, दारात पाणी शिंपडायच्या. आमच्या घरात तिचं नाव घुबड होतं. ते माझ्या आत्याने ठेवलं होतं, आणि आत्याला स्वतःला आरशात पाहायची सवय नव्हती.

ते प्लेगचे दिवस. घरात उंदीर पडला की गाव सोडायचं आणि गोमाई नदीपलीकडच्या शेतात झोपडी बांधून राहायचं, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. पण उंदीर पडल्याचं कबूल कोण करणार? सरकारी माणसं येऊन कौलं उतरवत, धान्य अंगणात ओतत, आणि भाऊबंद त्या घरचं पाणी पिईनात. म्हणून लोक उंदीर उकिरड्यात पुरत आणि गप्प बसत. सुपडामाय गप्प बसू देत नसे. "लाज वाटस? वाटू दे. लाजवरी कोनी मरत नही," असं ती तोंडावर सांगे. तिच्या कटकटीने किती घरं वेळेत बाहेर पडली, पण तिचे आभार मानलेले मी कधी ऐकले नाहीत.

सगळी आळी झाली की ती शेवटी स्वतःच्या घरापुढे उभी राही. तिचा नवरा, दोन मुलगे आणि मुलगी प्लेगात त्याच घरात गेली होती. तेव्हापासून घराला कुलूप होतं आणि ती मागच्या गोठ्यात राहत होती. त्या बंद दारालाही ती विचारायची, "उंदीर पडना का?" आणि कान देऊन थांबायची. एकदा मी हे भिंतीआडून पाहिलं. आतून कुणी काही सांगितल्यासारखी तिने मान हलवली आणि गोठ्याकडे वळली. पुढे कित्येक दिवस मी त्या बोळातून गेले नाही. आज म्हातारपणीही बंद दार दिसलं की मी उगाच कान देते.

माझं लग्न ठरलं, हळद लागली. हळद लागलेल्या पोरीने लग्न लागेपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. दुसऱ्या सकाळी चुलीमागे उंदीर पडला. आईने तो चिमट्याने उचलला, माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं आणि परसात पुरून आली. तेवढ्यात दारात हाक आली.

"उंदीर पडना का वं माय?"

"नही पडना. शुभकार्य शे घरमा, तू पुढे जाय," आई म्हणाली.

सुपडामाय गेली नाही. तिने माझ्या पिवळ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओट्यावर बसली. आपल्या घरात काय झालं ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आईला सांगितलं. "मन्ही सोनीले बी हळद लागेल व्हती. उंदीर पडना, मी उकिरडामा दपाडी दिन्हा. हळदनी पोर भायेर कशी काढू, लोके काय म्हनतीन? हळद ऱ्हायनी अंगवर, पोर गयी. तिना मांगे सर्वा गयात."

आई खांबाला धरून खाली बसली. "पडना शे," ती जमिनीकडे पाहत म्हणाली. "पन पोर उंबरठाभायेर गयी तर अपशकुन व्हई."

"व्हऊ दे. अपशकुन मन्हा माथे."

कधी कुणाच्या उंबऱ्याआत पाऊल न टाकणारी ती बाई सरळ आत आली, माझं मनगट धरलं आणि मला ओढत बाहेर नेलं. त्या वाळक्या हाताला एवढा जोर कुठून आला कोण जाणे. हळदीची पोर भर रस्त्याने चाललेली पाहून आळीत कुणाला सबब उरली नाही. दिवस मावळायच्या आत निम्मं गाव गोमाईपलीकडे होतं.

ती मात्र आली नाही. गावात काही आजारी माणसं मागे राहिली होती, त्यांना पाणी पाजायला कुणी नव्हतं. वडील तिला बोलवायला गेले तेव्हा तिने त्यांना वेशीवरूनच परत पाठवलं.

माझं लग्न शेतातच लागायचं ठरलं. आदल्या दिवशी बातमी आली, सुपडामाय एका आजाऱ्याच्या ओट्यावर मरून पडली आहे. तिला उचलायला कुणी तयार होईना. वडील आणि आमचा सालदार गडी गेले, तापीकाठी तिला अग्नी देऊन आले. वडिलांनी नदीत अंघोळ केली होती, तरी ते झोपडीत शिरेनात. बाहेरूनच आईला म्हणाले, "तिना उजवा हात पिवळा व्हता. आपली पोरनी हळद. तिनं हात धुयेलच नव्हता."

मला हुंदका आला. "उद्या लगीन शे, रडू नको," आई मला म्हणाली, आणि स्वतःच मोठ्याने रडू लागली, पोटची पोर गेल्यासारखी.