बटणावरचं क्रियापद

सैल काही मला बघवत नाही. चाकणच्या कंपनीत अर्धा जन्म नट आवळण्यात गेला, त्याचा हा परिणाम. घरात लोणच्याची बरणी मी बंद केली, की ती उघडायलाही मलाच बोलवावं लागतं. बायको म्हणते, "जरा हलक्या हातानं घ्या की. ही तुमची कंपनी न्हाई."

आमच्या लाइनवर स्पेनहून आलेलं एक जुनं मशीन आहे. त्याच्या हिरव्या बटणावर तिकडच्या भाषेत लिहिलंय, 'आप्रेतार'. दाबलं की नट आवळला जातो, एवढा अर्थ आम्हाला पुरत होता.

मुलगी नोकरीला पोर्तुगालला गेली. व्हिडिओ कॉलवर जेवण आणि थंडी विचारून झाली की पुढे काय बोलावं, मला सुचत नाही. म्हणून एका रविवारी तिला तो शब्द विचारला. ती एकदम खुलली. म्हणाली, इथेही तोच आहे, फक्त जरा फिरवून 'अपेर्तार' म्हणतात. बूट घट्ट झाला तरी हेच क्रियापद, गर्दीत दाटीनं बसले तरी हेच, आणि घरच्या आठवणीनं जीव कासावीस झाला तरी हेच.

"मूळ लॅटिन आहे, पप्पा. छातीसाठी जो शब्द होता, त्याच्यावरून आलंय. छातीशी घट्ट धरणं. नट-बोल्ट नंतरचे."

मी "असं होय" म्हणालो आणि रेंज नाही सांगून फोन ठेवला. रेंज चांगली होती.

ती निघाली त्या दिवशी मी तिच्या बॅगेचा पट्टा ओढून ओढून आवळला होता. ती पाया पडली, मी डोक्यावर हात ठेवला, "पोचल्यावर फोन कर" म्हणालो. आमच्याकडे बापलेकीचं इतकंच असतं. त्यात काही कमी आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं. आता मात्र शिफ्टमध्ये ते बटण दाबताना पोरीची इतकी आठवण येते, की शेजारचा विचारतो, काय राव, तब्येत बरी नाही का.

दिवाळीला ती आली. कासारवाडीत आमच्या बिल्डिंगखाली गाडी थांबली, तसा मी जिना उतरून गेलो. काय करायचं ते आठवडाभर मनात ठरवून ठेवलं होतं. तरी हात सवयीनं बॅगेकडेच गेला.

"पट्टा सैल झालाय," मी म्हणालो.

"राहू द्या, पप्पा," ती म्हणाली, आणि तिनं बॅग खाली ठेवली.