कपाट सगळ्यांत वर

परवा गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत माझ्या नव्या टेम्पोची पूजा होती. चाकांखाली ठेवायचं एक लिंबू निसटून कुणाच्या तरी पायाखाली आलं, त्याचा वास पसरला आणि मला ताईच्या लग्नानंतरची ती सकाळ आठवली.

ताईच्या संसाराचं सामान घेऊन आम्ही बारडोलीला निघालो होतो. बाबांच्या जुन्या टेम्पोत पलंग, पिंप, भांडी आणि सगळ्यांत वर लोखंडी कपाट; सासरच्या गल्लीला ते लांबूनच दिसायला हवं होतं ना! कपाट धरायला आई मागे बसणार होती. चढता चढता ती म्हणाली, "अहो, मागचं चाक बसलंय. हवा भरून घ्या."

"लिंबू ठेवलंय ना खाली, आता काय होतंय?" बाबा म्हणाले. आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा, जरा उशिराने.

बारडोलीच्या अलीकडे, उसाच्या शेताजवळ ते चाक फुटलं. टेम्पो कलला, आई रस्त्यावर पडली आणि कपाट तिच्या हातावर आलं. बाबा तिच्याशेजारी रस्त्यावर बसून भांडी गोळा करत राहिले. तिच्याकडे बघायचा धीर आमच्यापैकी कुणालाच झाला नाही. तिचं मनगट वाकडं राहिलं. त्या हसण्याबद्दल घरात अजून कुणी बोलत नाही.

परवा बाबा नारळ घेऊन मागच्या चाकापाशी थांबले. हळूच आईला म्हणाले, "आधी तू बघ."

आईने वाकड्या हाताने चाक दाबून पाहिलं. ती "ठीक आहे" म्हणेपर्यंत बाबांनी मान वर केली नाही.