बिनतुळईचं छत

माढ्याजवळच्या कोंडीबा गवंड्यानं उभ्या आयुष्यात विहिरीच बांधल्या. पंचक्रोशीतल्या चाळीसेक विहिरी त्याच्या हातच्या. माणूस अबोल, पण कुठल्याही भिंतीजवळून जाताना तिच्यावरून तळहात फिरवल्याशिवाय पुढं जायचा नाही.

पंच्याहत्तर सालच्या हिवाळ्यात त्याचा दोस्त चनमल्लप्पा सोलापुरी चादरींचा ट्रक घेऊन गोव्याला निघाला. "चल की कोंडीबा, समुद्र बघून येऊ," म्हणाला. सोबत अण्णाराव शिंपीही होता. तिघं केबिनमध्ये दाटीवाटीनं बसले. दुसऱ्या दिवशी माल उतरवला आणि समुद्रकाठच्या एका जुन्या पोर्तुगीज गावात पोचले.

दोघं दोस्त कपडे वर खोचून पाण्यात शिरले. कोंडीबानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "एवढं पाणी, आन् घोटभर पिता येईना!" मग त्याची नजर टेकाडावरच्या पांढऱ्या चर्चकडं गेली. "आलोच," म्हणत तो चढ चढून गेला.

वहाणा बाहेर काढून आत पाऊल टाकलं नि तो जागीच थबकला. खाली लांबरुंद मोकळी जागा आणि वर दगडाचं छत, अखंड कमानीसारखं वळलेलं. मधे खांब नाही, वर तुळई नाही. नजर या भिंतीवरून चढायची ती थेट त्या भिंतीवरून उतरायची. मान दुखायला लागली तेव्हा कोंडीबा सरळ फरशीवर उताणा झाला.

बाकं पुसणारा म्हातारा धावत आला. "बरें ना रे तुका?"

"मला काय न्हाय झालं. पर ह्ये वर कशानं ऱ्हायलंय?"

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. रोज त्याखाली वावरूनही त्याला ते ठाऊक नव्हतं. "आमच्या पणज्याच्या आदीचें हें," एवढंच तो म्हणाला.

तेवढ्यात दोस्त शोधत आले. "अरं, मेला का काय ह्यो!" अण्णाराव ओरडला.

"वरडू नगंस. वर बघ. दगूड दगडाला रेटून हुबा हाय. ज्यानं ह्ये केलं, त्याचा हात कसा आसंल रं?" कोंडीबाचे डोळे भरून आले होते.

गावी परतल्यावर हिंदुरावाच्या विहिरीचं काम निघालं. पायऱ्यांच्या तोंडावर तुळई टाकायची होती. तिच्याऐवजी कोंडीबानं दगडी कमान धरली. खाली टेकू दिलेला लाकडी साचा काढताच ती कोसळली. हिंदुराव तापला. कोंडीबानं पडलेले दगड उचलून बाजूला रचले. महिनाभर खपून एकेक दगड नव्यानं घडवला.

दुसऱ्यांदा साचा निघाला तेव्हा निम्मं गाव काठावर जमलं होतं. मधला दगड जरासा खाली बसला, करकरला आणि थांबला. कोंडीबा कमानीखाली जाऊन उभा राहिला. बायकोला हाक मारली, "बजाबाई, ये हितं."

"पडंल की वो!"

"न्हाय पडत."

ती भीत भीत आली, वर पाहिलं, आणि पदर सावरून त्याच्या शेजारी उभी राहिली.